जमिनीला जुलै कळत नाही

बसमध्ये त्या म्हाताऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बस पोरी, तुझ्या अवस्थेत उभं राहू नये." माझी कोणती अवस्था, हे मला कळेपर्यंत एक थांबा मागे पडला होता आणि मी बसलेही होते. पाय भरून आले होते. काखेत व्यायामाची गुंडाळलेली चटई होती. बसच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, कारण आमच्याकडे माणूस उकाड्यानं मेला तर चालतो, वाऱ्याच्या झोतानं मान धरलेली चालत नाही. बाईंनी एका हातानं दांडी पकडली, दुसरा हात सरळ माझ्या पोटावर ठेवला, बाजारात कलिंगड पिकलंय का बघतात तसा, आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात निकाल दिला, "टोकदार आहे. मुलगा होणार. कितवा लागलाय?" मी म्हणाले, "मुलगीच झाली. सात महिन्यांची आहे. घरी आजीपाशी ठेवून आलेय." बाईंचा हात तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग ऊठ. माझे गुडघे दुखतायत." मागच्या बाकावरचे दोघे हसले. ड्रायव्हरनंसुद्धा आरशातून पाहिलं. आणि मी उठले. त्या बाईंचा मला राग नाही, त्यांचे गुडघे खरेच दुखत असणार. पोटाबद्दल बोलल्याचंही फारसं काही वाटलं नाही, पोट आहे तर लोक बोलणार. मला राग आला तो माझ्या उठण्याचा. जागा द्यायला उठले असते तर गोष्ट वेगळी होती. मी उठले ते फसवाफसवी करताना पकडली गेल्यासारखी. घाईघाईनं, मान खाली घालून, चटई पोटापुढे धरून. पुढचे सगळे थांबे मी पोट आत ओढून उभी होते. श्वास घ्यायची पंचाईत झाली तेव्हा कुठे लक्षात आलं की मी काय करतेय.

झेमूनला उतरले आणि घरी जायचं सोडून नदीकाठानं चालत सुटले. जुलैतली डॅन्यूब सुस्त असते, चहाच्या रंगाची, आणि काठावर पोरं पाय सोडून बसलेली असतात. मी पंधरा वर्षं हँडबॉलची गोलकीपर होते. आमच्या क्लबाचं नाव आता कुणाच्या लक्षातही नसेल, पण त्या छोट्या सभागृहाचा वास माझ्या नाकात अजून आहे, रबर, घाम आणि सरबताचा. गोलकीपरला पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे चेंडू अंगावर आला की आक्रसायचं नाही. आमचे प्रशिक्षक बाजूला उभे राहून घसा फोडून ओरडायचे, "मोठी हो, नेवेना! मोठी हो!" हात पसर, पाय पसर, छाती पुढे, पोट पुढे. चेंडू पोटावर बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायचं. त्याच पोटासाठी. वीस वर्षांची होते, आणि मला वाटायचं की अंग म्हणजे आपलं सांगितलेलं ऐकणारं, जरा अडदांड पण इमानी जनावर आहे. आता तेच अंग सात महिन्यांपासून गप्प आहे. मी हाक मारते, ते ओ देत नाही. आणि चारी बाजूंनी जो तो ओरडतोय त्याचा अर्थ एकच, लहान हो. इस्क्रा झाल्यावर पहिल्या आठवड्यात रास्तको, माझा नवरा, प्रेमानंच म्हणाला होता, "होशील गं पूर्वीसारखी." रास्तको बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. इंजिन उघडलं, साफ केलं, बंद केलं की ते पूर्वीसारखं होतं. मला तेव्हा टाके होते, छातीला चिरा पडल्या होत्या, आणि मी त्याच्याकडे बघून हसले होते. पूर्वीसारखी का व्हायचं, हे विचारायला तेव्हा सुचलं नाही. मधे एक आख्खं माणूस माझ्यातून बाहेर पडलंय. ते झालंच नाही असं दाखवायचं म्हणजे कुणाला फसवायचं?

घरी पोचले तर स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. सासूबाई आणि बिल्याना कॉफी पीत बसल्या होत्या, आणि सासूबाईंच्या मांडीवर इस्क्रा चमचा चोखत होती. बिल्याना माझी कूमा. माझ्या लग्नात ती साक्षीला उभी होती आणि येत्या रविवारी इस्क्राच्या बाप्तिस्म्यालाही तीच धर्ममाता म्हणून उभी राहणार होती. आमच्यात रक्ताच्या नात्यातल्याशी भांडता येतं, कूमाशी नाही. कूम म्हणजे सदऱ्याचं बटण नव्हे, असं म्हणतातच. तुटलं की दुसरं लावलं, असं तिथे चालत नाही. बिल्याना कसलातरी किस्सा सांगत होती, आणि सासूबाई हसत होत्या त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं. हसू यायला लागलं की त्या आधी खुर्चीत नीट मागे सरतात, एका पायावर दुसरा पाय घट्ट टाकतात, टेबलाची कड पकडतात, आणि मगच हसतात. उभ्या असल्या तर आधी बसायला जागा शोधतात. लग्न करून आले तेव्हा मला ही पद्धत फार आवडली होती. वाटायचं, काय घरंदाज बाई आहेत, हसतानासुद्धा तोल जात नाही. मी बसचा किस्सा सांगितला. वाटलं, दोघी हसतील. बिल्याना हसली नाही. कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे देवा. आणि तू उठलीस? मी असते तर जमिनीत गेले असते." मग तिनं पायाशी ठेवलेली पिशवी वर घेतली. आत गडद हिरवा पोशाख होता, रेशमी, माझ्या लग्नाच्या वेळच्या मापाचा, आणि त्याखाली कागदात गुंडाळलेला कातडीच्या रंगाचा पोटपट्टा, समोर वरपासून खालपर्यंत हुकांची रांग असलेला. "बाप्तिस्म्याला घाल," ती म्हणाली. "आधी पट्टा, मग पोशाख. फोटोत सुटणार नाहीस, बघच तू. फोटो आयुष्यभर राहतात, कूमा." मी म्हणाले, "छान आहे गं रंग." आणखी काय म्हणणार? ती गेल्यावर सासूबाईंनी पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला. "चांगला आहे. माझा असा नव्हता. माझ्या सासूनं चादर फाडून बांधली होती." आणि जरा थांबून म्हणाल्या, "घाल हो. कूमानं दिलेलं परत करत नाहीत. कूमाचा शाप घराला लागतो."

बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस मी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. ते ठीकच होतं, थंडी होती आणि मला कुठे जायचंही नव्हतं. सासूबाई रोज सकाळी माझ्या पोटाला राकियात बुडवलेल्या फडक्याच्या घड्या ठेवायच्या आणि वरून पट्टीचे वेढे द्यायच्या, गुडघा बाजेला टेकवून, दात खाऊन ओढत. "पोटाला लाज वाटली पाहिजे," त्या म्हणायच्या. "नाहीतर ते तसंच पसरून बसतं, पाहुणे गेले तरी न उठणाऱ्या माणसासारखं." घरभर प्लमच्या दारूचा वास असायचा. इस्क्रा दूध पिताना मला श्वास पुरायचा नाही. मी दारुड्यासारखी दरवळत, घट्ट बांधलेल्या गाठोड्यासारखी पडून असायचे आणि मनात म्हणायचे की हे माझ्या भल्याचं आहे, कारण या बाईंच्या हातात वाईटपणा नव्हता. वाईटपणा असता तर किती सोपं झालं असतं. नंतर मी सावेताकडे जायला लागले. सावेता आरोग्यकेंद्राच्या तळमजल्यावर व्यायाम शिकवते, बाळंतिणींना आणि कंबर धरलेल्या म्हाताऱ्यांना, एकाच खोलीत. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात खिडकीशी उभी राहून सिगारेट ओढते. पहिल्या दिवशी तिनं मला पाठीवर निजवलं, गुडघे वर घ्यायला लावले आणि म्हणाली, "मान जरा उचल आणि बेंबीच्या वर बोटं ठेव." बोटं आत गेली. मऊ लोण्यात जावीत तशी. मी घाबरून हात काढला. ती म्हणाली, "घाबरायचं काय त्यात? दोन पडदे आहेत, मूल वाढताना बाजूला सरले. दार उघडलं म्हणून मूल मावलं. आता ते हळूहळू लोटून घ्यायचं, धाडकन आपटायचं नाही. उठाबशा नाहीत. पळणं नाही. आणि पट्टे बांधून ठेवत असशील तर ते आधी सोड. टूथपेस्टची नळी मधेच दाबली की काय होतं?" मी म्हणाले, "तोंडातून बाहेर येतं." "तोंड खालच्या बाजूला असेल तर?" सावेता म्हणाली आणि खिडकीकडे गेली.

तिचा व्यायाम म्हणजे कुणी पाहिलं तर झोपलीय म्हणेल असा. पाठीवर पडायचं, श्वास घ्यायचा, सोडायचा. सोडताना ओटीपोटाच्या तळाशी जी स्नायूंची झोळी असते ती अलगद वर उचलायची आणि मग सैल सोडायची, पूर्ण सैल. पोटावर आपलाच हात. पहिले कित्येक दिवस मला तिथे काही जाणवलंच नाही, एखाद्या रिकाम्या घरात हाका मारत फिरावं तसं होत होतं. मग एकदा काहीतरी हललं, इतकं बारीक की इस्क्रा पोटात पहिल्यांदा हलली होती त्याची आठवण आली. मी तिथेच पडल्या पडल्या रडले. सावेता माझ्या पायाशी उकिडवी बसून म्हणाली, "धरतेस छान. सोडत नाहीस. खेळाडू होतीस ना? तुम्हा लोकांना सोडता येत नाही. आणि इकडच्या बायकांना तर मुळीच येत नाही, सगळ्या जन्मभर धरूनच बसलेल्या असतात." बसचा प्रसंग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर चटई टाकली, कारण घरात तेवढीच मोकळी जागा आहे, आणि आडवी झाले. इस्क्रा शेजारी पालथी पडून माझा कान ओढत होती. सासूबाई मिरच्यांची टोपली घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. आमच्याकडे बाई जमिनीवर आडवी दिसली तर एक तर ती पडलीय किंवा मेलीय. मुलगी चालायला लागली की तिला पहिली ताकीद मिळते ती विस्तवाची नाही, गार फरशीची. दगडावर बसू नकोस, अंडाशय गारठतील. अनवाणी फिरू नकोस, पोरं होणार नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "ऊठ. जमीन थंड आहे."

"आई, जुलै आहे."

"जमिनीला जुलै कळत नाही."

"मला मूल झालंय की. आता अंडाशय गारठले तर गारठू देत."

"एक झालंय," त्या म्हणाल्या. टोपली ठेवली, माझ्याभोवती फेरी मारली. "आणि हा काय व्यायाम? नुसती पडलीयेस. पोट कमी व्हायचं तर घाम यायला हवा. आमच्या वेळी आम्ही शेतात..."

"पोट कमी करायला नाही करत मी हे."

"मग कशाला करतेस?"

तळातली ती झोळी, हाक मारणं, ओ देणं, हे सासूसमोर फरशीवर आडवं पडून कसं सांगणार? मी म्हणाले, "बरं वाटतं." त्यांनी मान हलवली. मग आत गेल्या आणि दिवाणावरचं मेंढीचं कातडं आणून माझ्या अंगावर टाकलं. "निदान हे खाली घे," म्हणाल्या, आणि पाठ करून मिरच्यांची देठं काढायला बसल्या. कातड्याला धुराचा आणि जुन्या लोकरीचा वास होता. ते मी खाली घेतलं. दर श्वासाला त्यांच्या सुरीचा आवाज ऐकू येत होता, आणि मला वाटलं की त्या अधूनमधून वळून बघतायत. मी मान वळवून पाहिलं नाही.

गुरुवारी इस्क्राला गाडीत घालून मी काठावर फिरवत होते आणि चिनारांची कुसं उडत होती. शिंक आली. साधी शिंक. आणि शिंकेबरोबर मांड्यांमधून गरम ओघळ आला, बुटापर्यंत. याआधीही थेंब थेंब झालं होतं, पण ते घरात, बाथरूमच्या वाटेवर, कुणाला न दिसता. हे भर दुपारी, आइस्क्रीमच्या गाडीसमोर झालं. मी इस्क्राची पातळ चादर काढून कमरेला बांधली आणि पाठीला भिंत लावावी तशी झाडाला टेकून उभी राहिले. माझे पाय आपोआप एकमेकांवर चढले होते, घट्ट, आणि एका हातानं मी गाडीची दांडी आवळून धरली होती. मी माझ्या पायांकडे पाहिलं. हे पाय मी पूर्वी कुठे पाहिलेत? मग एकदम कळलं, आणि उन्हात अंगावर शहारा आला. सासूबाईंची ती घरंदाज हसण्याची तऱ्हा. आधी मागे सरायचं, पाय घट्ट टाकायचे, टेबल पकडायचं, मग हसायचं. पहाटे उठून स्वतःचे कपडे वेगळे, हातानं धुऊन परसातल्या शेडमागे वाळत टाकायच्या, आणि मला वाटायचं की जुन्या वळणाची शालीनता. प्रवासात बस थांबली की आधी उतरायच्या. नातेवाइकांच्या लग्नात वाजंत्री सुरू झाली की म्हणायच्या, "कुणीतरी ताटं सांभाळायला हवीत." आणि त्या एकट्याच नाही. रास्तकोच्या मावश्या, माझी स्वतःची आई, शेजारची फार्मसीवाली. खुर्च्यांच्या रांगेत पायावर पाय टाकून बसलेल्या, तोंडाला रुमाल लावून हसणाऱ्या एका आख्ख्या पिढीच्या बायका. दिवाणखान्यात सासूबाईंचा एक फोटो आहे, मुलीसारख्या दिसतात, कोलो नाचताहेत. हातात हात गुंफलेली लांबलचक रांग, आणि रांगेच्या टोकाला त्या, हातातला रुमाल हवेत फिरवणाऱ्या. रांगेला नेणारीच रुमाल फिरवते. त्यांना मी एकदा विचारलं होतं, शेवटचं कधी नाचलात? "रास्तको व्हायच्या आधी," त्या म्हणाल्या होत्या. मला वाटलं होतं संसारात वेळ मिळाला नसेल. ओल्या बुटांनी घरी चालत येताना मला लाज वाटत नव्हती. मला राग आला होता. चाळीस वर्षं एक बाई कडेला बसून हसू आवरते आणि सगळं गाव तिला म्हणतं, काय चालरीत आहे बाईंची.

रविवारी सकाळी मी पट्टा घालून पाहिला. घालून पाहिलाच नाही असं खोटं कशाला सांगू? खालून हुक लावत वर आले, शेवटचे दोन लावायला रास्तकोला हाक मारली, आणि त्यानं जीभ दातात धरून लावले. आरशात एक बाई दिसली जी लग्नाच्या फोटोतल्या बाईसारखी होती, फक्त तिचे डोळे जरा बाहेर आले होते. हिरवा पोशाख बसला. रास्तको खूश होऊन म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?" तेवढ्यात इस्क्रा भुकेनं किंचाळली. मी तिला घेऊन खाली बसायला गेले तर वाकताच येईना. उभ्यानं छातीशी धरलं तर श्वास वरच्या वर अडकला, आणि सगळं ओझं खाली, तळाशी जाऊन बसलं, त्या झोळीवर जिला मी दोन महिने बोट धरून चालायला शिकवत होते. मोठी हो, नेवेना. मी रास्तकोला म्हणाले, "काढ." "आत्ता तर लावले." "काढ म्हणते ना." मग मी कपाटातून निळा पोशाख काढला, पाचव्या महिन्यात शिवलेला, पुढे भरपूर चुण्या असलेला. रास्तको दारात उभा राहून म्हणाला, "नेवेना, लोक विचारतील. कितवा महिना म्हणून विचारतील." मी म्हणाले, "विचारू देत. तू सांग, होऊन गेलंय." तो इंजिनाकडे बघतो तसा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, आणि मग इस्क्राचे बूट शोधायला गेला.

चर्चच्या पायऱ्यांवर बिल्यानानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पट्टा?"

"घरी आहे. श्वास येईना त्यात."

"पोट दिसतंय, कूमा."

"आहे तर दिसणारच की."

तिचे ओठ बारीक झाले. आत गेल्यावर धर्ममातेनं पश्चिमेकडे वळून सैतानावर थुंकायचं असतं, ते ती एरवी फार नाजूकपणे थुंकली असती, पण त्या दिवशी चांगलं जोर लावून थुंकली, आणि माझी खात्री आहे की त्यातलं थोडं माझ्यासाठी होतं. इस्क्रा पाण्यातून बाहेर आली तेव्हा तिचं पोट, गोल, चकचकीत, बेंबी बाहेर आलेलं, सगळ्यांसमोर उघडं होतं, आणि सगळ्या बायका म्हणाल्या, किती गोड पोट आहे. फादरसुद्धा हसले. कुणीही तिला ते आत घे म्हणालं नाही. किती वर्षांनी म्हणतील? मी हिशेब करायला लागले होते, मग सोडून दिला.

जेवण आमच्या परसातच होतं, द्राक्षवेलीच्या मांडवाखाली. कोबीच्या पानांतला खिमा, भाजलेलं डुकराचं पिल्लू, कलिंगडं. ॲकॉर्डियनवाला जेवणाच्या आधीच प्यायला होता. बिल्याना टेबलाच्या मानाच्या टोकाला बसली होती आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. सासूबाईंना ते दिसत होतं. त्यांनी दोनदा तिच्या ताटात वाढलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाल्या, "जा, तिची माफी माग. आत्ता. कूमा रुसून घरातून गेली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी म्हणाले, "कशाची माफी, आई? माझ्या पोटाची?" "कशाचीही माग. शब्दांना काय पैसे पडतात?" मी म्हणाले, "आई, मी बसमध्ये उठले होते. आज नाही उठणार." बाहेर कोलो सुरू झालं. पोरंटोरं आणि पुरुष रांगेत आले, आणि मावश्यांच्या खुर्च्या मांडवाच्या कडेला एका ओळीत लागल्या, सगळ्यांचे पाय एकमेकांवर. सासूबाई ताटं गोळा करायला निघाल्या. मी त्यांच्या हातातली ताटं काढून घेतली आणि म्हणाले, "चला."

"मला नको. कुणीतरी ताटं..."

"मला माहितेय, आई."

"काय माहितेय?"

"गुरुवारी माझं पण झालं. काठावर. बुटापर्यंत."

त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं का. खूप खाली आवाज आणून म्हणाल्या, "तू तर तरणीताठी आहेस." "म्हणूनच फरशीवर पडते. पोटासाठी नाही." "आणि त्यानं थांबतं?" असं विचारताना त्यांचा आवाज असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. "हळूहळू," मी म्हणाले. "तुम्हालाही शिकवते. मेंढीचं कातडं आहेच." मग मी त्यांचा हात धरला आणि रांगेत शिरले. उड्या नाही मारल्या, सावेतानं बजावलं होतं. पावलं नुसती चालत टाकली, उजवीकडे, उजवीकडे, एक मागे, तालात, आणि पोट माझ्यापुढे निळ्या चुण्यांत आपल्या मर्जीनं हलत होतं. मी ते आत ओढलं नाही. श्वास खालपर्यंत जात होता. सासूबाई लाकडासारख्या ताठ होत्या, माझी बोटं मोडतील इतक्या आवळून. तेवढ्यात ॲकॉर्डियनवाला मागे सरकला, कलिंगडाच्या सालीवर पाय पडला आणि तो वाजवत वाजवतच बसला, सूर न सोडता. सगळे हसले. सासूबाईंनाही हसू आलं. मी पाहिलं, त्यांची नजर खुर्ची शोधत होती. खुर्ची जवळ नव्हती. मी हात सोडला नाही, पण सैल केला. त्या हसल्या. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग पोट धरून. त्यांचा असा आवाज मी या घरात कधी ऐकलाच नव्हता, जाड, खेडवळ, चाळीस वर्षांचा साचलेला. रास्तको तोंड उघडं टाकून आईकडे बघत होता. त्यांच्या राखाडी स्कर्टवर मागच्या बाजूनं काळा डाग पसरत चालला होता.

तो आधी बिल्यानाला दिसला. ती खुर्ची ढकलून उठली, खांद्यावरची शाल काढत धावत आली आणि ती त्यांच्या कमरेला गुंडाळायला लागली, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं कुजबुजत, "आत चला, मावशी, आत चला, कुणी पाहिलं नाही." मावश्यांच्या ओळीतले पाय एकदम आणखी घट्ट झाले. सासूबाईंनी शाल काढली. नीट घडी करून बिल्यानाच्या हातात परत दिली, कूमानं दिलेलं परत करत नाहीत हे त्यांनाच ठाऊक असून.

"राहू दे गं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "धुतलं की जातं."

आणि इस्क्राच्या गळ्यातलं लाळेरं काढून घेऊन त्या रांगेच्या टोकाला गेल्या, आणि ते हवेत फिरवायला लागल्या.